वचन पाठ करण्याआधी बायकोला सांगा

प्रश्न थोडक्यात असा. लिहिणारे पिंपरी-चिंचवडकडचे, पस्तिशीतले. कंपनीतलं कंत्राट संपलं, सध्या मिळेल ते काम. आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. प्रार्थनेच्या गटातल्या एकाने तोंडावर सांगितलं, 'तुमचा विश्वास कमी पडतोय, म्हणून आईला गुण येत नाही.' खर्च भागवायला मोबाईलवरच्या ॲपवरून कर्ज काढलंय, ते बायकोला माहीत नाही. रविवारी उपासनेला जातात, कुणी विचारलं तर हसून 'प्रभूची कृपा' म्हणतात, आणि रात्री झोप नाही. विचारलंय ते एवढंच: रोज विश्वासात आणि धीराने जगता यावं म्हणून बायबलमधली कोणती वचनं पाठ करू?

बंधू, सलाम.

वचनं देतो, पण शेवटी. कारण तुमचं लिहिणं वाचताना मला वचनांची कमतरता कुठे दिसली नाही. संडे स्कूलपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेला माणूस तुम्ही, तेविसावं स्तोत्र झोपेतही म्हणाल. अडचण दुसरीकडे आहे. मंडळीला खरी परिस्थिती माहीत नाही, बायकोला कर्जाचं माहीत नाही, आईसमोर तर चेहरा पाडायचाच नाही. एवढं सगळं तुम्ही एकट्याने धरून ठेवलंय, आणि वचन हवंय ते असंच धरून ठेवायला बळ मिळावं म्हणून. त्या कामाला वचन लागू पडत नाही, हे मी बऱ्याच घरांत बसून पाहिलंय. नगर जिल्ह्यातल्या गावमंडळ्यांत आणि नंतर पुण्यात पाळक म्हणून माझी हयात गेली. निवृत्तीनंतर मुख्यतः दवाखान्यातल्या भेटी करतो. जे लिहितोय ते त्यातून आलेलं आहे.

आधी ते 'विश्वास कमी पडतोय' प्रकरण निकालात काढू, कारण ते डोक्यात आहे तोवर पुढचं काही शिरायचं नाही.

ज्यांनी तुम्हाला हे ऐकवलं त्यांना विचारा, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय कधी शेवटपर्यंत वाचलाय का? प्रेषित पौल तिथे जाता जाता लिहितो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात मागे ठेवलं. ज्या पौलाच्या हातून आजारी माणसं बरी झाल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, त्याचाच सोबती आजारी राहिला, आणि त्याबद्दल पौलाने ना त्रफिमाला दोष दिला ना स्वतःला. पहिल्या पत्रात तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यांसाठी नुसतं पाणी न पिता थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय, म्हणजे त्या काळचा औषधोपचारच. खुद्द पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीन वेळा विनंती केली. काटा गेला नाही. हे सगळं पुढ्यात असताना आईच्या मूत्रपिंडाचा हिशोब मुलाच्या विश्वासावर मांडणं हा उद्धटपणा आहे. सौम्य शब्द शोधला, सापडला नाही.

शंकेचंही तसंच. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात पडल्यावर शिष्यांकडून येशूला विचारतो की येणारे ते तुम्हीच, की आम्ही आणखी कुणाची वाट पाहायची? यार्देन नदीत ज्याने येशूचा बाप्तिस्मा केला त्याचा हा प्रश्न. येशू त्याला रागावला नाही. जे ऐकता-पाहता ते जाऊन योहानाला सांगा म्हणाला, आणि ते निरोपे निघाल्यावर जमलेल्या लोकांसमोर योहानाची थोरवी सांगितली. तुरुंगातल्या माणसाला शंका येणारच, हे येशूला समजत होतं. आपल्या प्रार्थना गटांना का समजत नाही, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला कफर्णहूमचा प्रसंग तर तुम्हाला तोंडपाठ असेल. चौघांनी एका पक्षाघाती माणसाला खाटेवर उचलून आणलं, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उसकटून खाट आत सोडली, आणि वर लटकलेल्या त्या माणसांचा विश्वास बघून येशू बोलला. खाटेवर पडलेल्याची आधी परीक्षा घेतल्याचं कुठे लिहिलेलं नाही. डायलिसिसच्या वॉर्डात मला हा प्रसंग नेहमी आठवतो. सध्या तुम्हाला विश्वास धरवत नसेल, तर तो काही दिवस दुसऱ्यांना धरू द्या. पण त्यासाठी आपण खाटेवर आहोत हे त्यांना कळायला तर हवं.

आता धीर. इथे माझं मत जरा ठाम आहे. शास्त्रात धीर क्वचितच आतून उगवतो, बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी हातून येतो.

पौलाचंच बघा. त्याला कैदी म्हणून रोमला नेताना गलबत वादळात सापडलं. दिवसेंदिवस सूर्य नाही, तारे नाहीत, कुणी जेवलेलं नाही. तेव्हा सगळ्यांना धीर देणारा पौलच. त्याने भाकर घेतली, उपकारस्तुती केली, मोडून खायला लागला, आणि गलबतावरचे २७६ जण जेवले. पुढे मलिता बेटावर हिवाळ्याचे तीन महिने काढून तो इटलीत उतरला आणि रोमच्या वाटेला लागला. तिथले बंधुजन बातमी कळताच साठेक किलोमीटर चालत अप्पियाच्या पेठेपर्यंत सामोरे आले. कृत्यांचा लेखक लूक लिहितो की त्यांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धैर्य आलं. आता विचार करा. रोमला पोहोचशील हे प्रभूने त्याला आधीच सांगितलं होतं, वादळात देवदूतानेही सांगितलं होतं. वचन होतंच. तरी धैर्य आलं ते धुळीने माखलेली माणसं समोर दिसल्यावर. पौलाला ज्याची गरज पडली ती तुम्हाला पडू नये, असं का वाटतं तुम्हाला?

एलीया संदेष्ट्याचंही हेच. ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, एवढंच. निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचं भांडं, परत झोप, परत भाकर. होरेब डोंगरावरचं देवाशी बोलणं त्यानंतर चाळीस दिवसांनी. म्हणून मी भेटीला गेल्यावर पवित्र शास्त्र पिशवीतून लगेच काढत नाही. आधी विचारतो, जेवलात का? रात्री कोण होतं सोबतीला? ही उत्तरं मिळाल्यावर प्रार्थनेत काय मागायचं ते आपोआप कळतं.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं नाव धैर्याचं उदाहरण म्हणून घेतात, आणि ते रास्तच आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये नवरा. १९२१मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, आईच्या आधी गेली. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः. पण भाषणांत आपण त्यांना माळावर एकट्या उभ्या करतो, ते चूक आहे. केडगावला त्यांच्या मुक्ती सदनात १८९६-९७च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका होत्या, शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता. ज्यांना कुणी नव्हतं अशा बायका तिथे एकमेकींना सांभाळत होत्या. रमाबाईंनी केलेल्या मराठी पवित्र शास्त्राचे छपाईचे खिळेही तिथल्याच बायकांनी जुळवले. मुलगी गेल्यावर त्या बाईंनी उरलेले महिने कसे काढले असतील, याचं उत्तर मला त्या गजबजलेल्या घरात दिसतं.

तर पहिलं काम. बायकोला कर्जाचं सांगा. आजच, मुलं झोपल्यावर. आकडा सांगा, ॲपचं नाव सांगा, हप्ता कितीचा आणि कोणत्या तारखेला ते सांगा. 'थोडं कर्ज झालंय' असं मोघम नको, मोघम सांगितलं की पुढच्या महिन्यात परत सांगावं लागतं. ती चिडेल. बहुधा कर्जापेक्षा लपवल्यावर जास्त चिडेल. चिडू द्या, मध्ये समर्थन करू नका, आणि 'मी तुझ्याचसाठी लपवलं' हे वाक्य तर तोंडातूनच काढू नका. सांगण्याआधी प्रार्थना जरूर करा, पण लहान करा. लांबलेली प्रार्थना ही पुष्कळदा काम टाळण्याची सोय असते, हे पाळकाने म्हणू नये, पण आहे. जुनं फेडायला नवं कर्ज काढू नका, आणि वसुलीवाले धमक्या देत असतील तर ते मेसेज पुसू नका, पोलिसांच्या सायबर शाखेला दाखवा.

तुम्ही विचारलेलं धैर्य मला तरी या घटकेला एवढंच दिसतं. दानीएलाचं सिंहाच्या गुहेतलं धैर्य लागेल तेव्हा लागेल.

दुसरं, मंडळीतल्या एका माणसाला सांगा. इथे मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. जुन्या मिशनच्या मंडळीत पिढ्यान् पिढ्यांची नाती असतात, आधार पटकन मिळतो, पण बातमीही पटकन फिरते, आणि दुपारपर्यंत सासुरवाडीला कळलेलं असतं. शहरातल्या नव्या मंडळ्यांत प्रेम भरपूर असतं, पण 'विजयी साक्ष', म्हणजे देवाने आपल्याला कसं तारलं ते सगळ्यांसमोर सांगण्याचा, दबावही असतो, आणि रडकं तोंड तिथे बसत नाही. तुमची मंडळी कोणत्या प्रकारची ते तुम्हालाच ठाऊक. माणूस निवडायची माझी खूण सांगतो. दुसऱ्याच्या घरचं तुमच्याजवळ कधीच न बोललेला माणूस बघा, आणि ऐकल्या ऐकल्या वचन फेकणारा टाळा. बऱ्याचदा असा माणूस व्यासपीठावर नसतो, तो उपासनेनंतर खुर्च्या उचलत असतो. पाळकसाहेब तसे असतील तर उत्तमच. नसतील तर त्यांना नंतर कळलं तरी चालतं.

आणि त्या माणसाला 'माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढंच सांगून थांबू नका. लोक 'हो हो' म्हणतात आणि मनापासून करतातही, पण तुमच्या हाती काही लागत नाही. नेमकं मागा. 'गुरुवारी आईसोबत डायलिसिसला बसाल का? मला त्या दिवशी काम मिळतंय.' चार तासांचं काम असतं ते. माझ्या एका जुन्या मंडळीत महिला मंडळातल्या एक मावशी असं बसायच्या. पेशंटला वजनकाट्यावर उभं करायला हात द्यायचा, मागच्या वेळेपेक्षा वजन किती वाढलं ते वहीत लिहायचं, सुया टोचताना तिकडे बघू नये म्हणून काहीतरी बोलत राहायचं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुठल्या दुकानात साडी स्वस्त, असलंच. पाणी मोजून प्यायचं असतं म्हणून स्वतःची बाटलीही पेशंटच्या नजरेआड ठेवायच्या. प्रार्थना शेवटी, मशीन सुटल्यावर, चार ओळींची. त्या मावशींना उपदेश करायला सांगितला असता तर त्या पळून गेल्या असत्या.

मदतीचंच चाललंय तर दवाखान्यात एवढं विचाराच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर तिथे गरीब आणि दुर्बल घटकांसाठी राखीव खाटा असतात, समाजसेवा विभागात चौकशी करा. हे विचारण्यात कमीपणा वाटणारे विश्वासू मी पाहिलेत. रोजची भाकर माग असं येशूनेच शिकवलंय, मग खिडकीशी उभं राहून मागायला संकोच कसला?

आता प्रार्थनेकडे येतो, कारण 'प्रार्थना करायला बसलो की शब्दच येत नाहीत' असंही तुम्ही लिहिलंय. शब्द येत नसतील तर उसने घ्या, स्तोत्रं त्याचसाठी आहेत. आवडीची निवडू नका. पहिल्यापासून सुरू करून रोज एक, मोठ्याने, जमलं तर बायकोसोबत. १५० स्तोत्रं, पाच महिने. क्रमाने वाचायचं कारण असं की, निवडायला गेलं की आपण गोड तेवढीच घेतो, आणि मग देवासमोरही तोच रविवारचा चेहरा लावून बसतो. क्रमाने गेलात की तेरावं येतं. सहाच ओव्यांचं, पण त्यात 'कोठवर' हा प्रश्न चारदा. अठ्ठ्याऐंशीवं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत आक्रोश आहे आणि अंधारात संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी त्याच्या शेवटाला उजेडाची ओळ चिकटवली नाही, हे मला फार मोठं वाटतं. एकोणनव्वदावं परमेश्वराची दया गाण्यापासून सुरू होतं, पण ते दुसऱ्या दिवशी. ज्या दिवशी अठ्ठ्याऐंशी आहे त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीच म्हणायचं.

तेही होत नसेल तर? राहुरीकडच्या एका मंडळीत तबला वाजवणारे एक गृहस्थ होते. तरणा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला. उपासनेला येणं थांबलं, तबल्याला हात लावणं थांबलं. मी दोन-चार वेळा जाऊन बसलो, पण ते समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. मग भजनी मंडळींनीच ठरवलं की शनिवारचा सराव चर्चमध्ये न करता यांच्या ओट्यावर करायचा. त्यांना वाजवायचा आग्रह नाही, बाहेर येऊन बसायचाही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हणायची, चहा प्यायचा, निघायचं. तबल्यावर एक नवशिका पोरगा. असा पावसाळा गेला, कांद्याच्या लागणी झाल्या. एका शनिवारी आतून आवाज आला, 'अरे, ठेका घसरतोय!' तरी पोरगं तसंच बडवत होतं. मग ते बाहेर आले, त्याला उठवलं आणि बसले. पुढे कधीतरी मला म्हणाले, 'त्या दिवसांत देवाशी बोलणं बंदच होतं पाळकसाहेब, पण तुम्ही येणार म्हणून शनिवारी ओटा झाडून ठेवायचो.' मी ते ओटा झाडणं प्रार्थनेत धरतो. तुम्ही रविवारी जाऊन नुसते मागच्या बाकावर बसलात, ओठ हलले नाहीत, तरी जात राहा. फक्त ते हसून 'प्रभूची कृपा' म्हणणं बंद करा. 'सध्या कठीण चाललंय' म्हणा. तेही खरं आहे आणि कृपाही खरी आहे.

एक गोष्ट मला इथून ठरवता येणार नाही, ती डॉक्टरच ठरवतील. झोप किती दिवसांपासून नाही? भूक आहे का? 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे विचार येतात का? झोपेची तक्रार दोन आठवड्यांहून जास्त चालली असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि तसले विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. गोळी घेतल्याने विश्वास उणावत नाही, एलीयालाही आधी झोपच दिली होती. आणि आजार बरे करण्याच्या प्रार्थनासभेत कुणी आईचं डायलिसिस थांबवून 'विश्वासाने पाऊल टाका' म्हणालं, किंवा अमुक रकमेचं दान 'पेरा' म्हणालं, तर तिथून उठून या. यावर मला कुणाशीही वाद घालायचा नाही. डायलिसिस चुकवलेल्यांच्या अंत्यविधीला उभा राहिलेला माणूस आहे मी.

आता तुमची वचनं. तीनच देतो आणि पाठ करायला लावत नाही, कागदावर लिहून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवा. स्तोत्र १३ पूर्ण, हे रात्री जाग आल्यावर. मार्क ९:२४, तो आजारी मुलाचा बाप: विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात अविश्वास घालवायलाही मदत मागतो. येशूने त्याचं तेवढ्यावर ऐकलं. हे प्रार्थना गटाला जाताना. आणि प्रेषितांची कृत्ये २८:१५, अप्पियाची पेठ, हे बायकोशी बोलायच्या आधी.

तुमच्या भागात सेवा करणारे दोघं-तिघं पाळक माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत, ऐकून घेणारे आहेत. बायकोशी बोलणं झालं की आईच्या डायलिसिसचे वार आणि वेळ मला कळवा. पहिल्या वेळी सोबतीला बसायला कुणीतरी येईल, ते मी बघतो.